सीट कव्हरचा राक्षस

माणूस राक्षस घडवतो तो मनातल्या भीतीला चेहरा देण्यासाठी, आणि एकदा चेहरा मिळाला की ती भीती अर्धी होते. हे मी एका व्याख्यानात सांगितलं होतं. समोर साठेक विद्यार्थी होते, पंखे चालू होते, आणि शेवटी टाळ्याही पडल्या. तोवर मी एकही राक्षस घडवला नव्हता. पुढे एक घडवला. तो मोटारसायकलच्या सीट कव्हरचा होता, आणि तो करताना मला भीती वाटली ती फक्त बायको "उसवा" म्हणेल याची.

मी जालन्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आमचं घर आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि रस्त्याच्या बाजूला लोखंडी जाळीची गॅलरी. बायको भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची. तिने तीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, पण स्वतःला कधी टेलर म्हणवून घेतलं नाही. "शिवते थोडंफार," एवढंच म्हणायची. मी निवृत्त झालो त्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी मला ज्ञानाचा दीपस्तंभ म्हटलं आणि अंगावर शाल घातली. दीपस्तंभ समुद्रकाठी असतात आणि जालन्यापासून समुद्र बराच लांब आहे, पण ते असो. घरी आल्यावर बायकोने ती मरून रंगाची शाल दोन बोटांत धरून उजेडाकडे केली.

"अस्तरालाबी चालायची न्हाई," ती म्हणाली, आणि घडी करून कपाटात ठेवली.

गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी चहा गाळताना तिच्या हातून गाळणी पडली. तिने ती उचलायला हात खाली नेला तर हात भलतीकडेच गेला. आम्ही तिला वेळेत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सौम्य झटका आहे, नशीब समजा. पाय पंधरा दिवसांत नीट चालायला लागला. बोलणं त्याच्याही आधी परत आलं, याची वॉर्डातल्या सगळ्यांना खात्री पटली. राहिला तो उजवा हात. त्याची मूठ वळली होती आणि ती उघडत नव्हती.

व्यायाम शिकवायला दवाखान्यात एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "काकू, मूठ बंद होणं सोपं असतं. उघडणं पुन्हा शिकावं लागतं. पहिले काही महिने महत्त्वाचे. रोज शंभर वेळा करायचं."

बायकोने एकच प्रश्न विचारला. "कात्री धरता येईल का?"

"प्रयत्न करू."

"प्रयत्न करू" याचा अर्थ मला चांगला माहीत होता. नव्या पुस्तकांच्या माझ्या मागणीपत्रांवर संस्था पस्तीस वर्षं हेच लिहीत आली होती.

घरी आल्यावर बायकोने व्यायाम केला नाही. दवाखान्यातून पिवळा स्पंजचा चेंडू मिळाला होता, तो तिने टीव्हीखाली ठेवून दिला. "दाबून दाबून काय होणार? मी काय लिंबू पिळून राह्यले?" मी म्हणालो, दाबायचं नसेल तर निदान उघडायचा प्रयत्न कर. त्यावर ती म्हणाली, "रिकामा हात उघडायचा, झाकायचा. कोणाला टाटा करून राह्यले मी?" कोणी भेटायला आलं की ती उजवा हात पदराखाली घ्यायची. शिलाई मशीनवर तिने चादर टाकली होती. मी तिला दोन-तीन वेळा समजावलं. मी समजावतो तेव्हा माझा आवाज व्याख्यानासारखा होतो, असं तिचं म्हणणं आहे, आणि ती तेव्हा जे करते तेच तिने केलं. भाजी निवडायला घेतली, डाव्या हाताने.

अशात पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. नात पाच वर्षांची आहे. उन्हाळ्यात ती इथे आली तेव्हा आजीने तिला एक राक्षस कबूल केला होता. केसाळ पाहिजे, आणि हात घालून बोलता आला पाहिजे. तिच्या शाळेत कोणाकडे तरी तसा होता.

"आजी, माझा राक्षस झाला?"

"दिवाळीला ये. तयार राहील."

फोन ठेवल्यावर बायकोने हाताकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी शिवतो."

तिने हातावरून नजर काढून माझ्यावर लावली. मी गॅसचा सिलिंडर स्वतः बदलतो म्हटल्यावर ती अशीच बघते.

मी कामाला लागलो, म्हणजे वाचायला लागलो. तीन दिवस बाहुल्यांवर वाचलं. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, असुरांच्या मुखवट्यांचे रंग आणि त्यांचे अर्थ. वहीची अकरा पानं भरली. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "सुईत दोरा ओवला का?"

केसाळ कापड जालन्यात मिळत नाही असं नाही. लोक ते अंगावर घालत नाहीत, गाडीवर घालतात. स्टेशन रोडला सीट कव्हरचं दुकान आहे, तिथे लांब केसांची कव्हरं दोरीवर टांगलेली असतात. दुरून पाहिलं तर शिकाऱ्याचं घर वाटतं.

दुकानदाराने विचारलं, "गाडी कोणती, सर?"

"गाडी नाही. नुसतं कापड पाहिजे."

"नुसतं कापड न्हाई ना मिळत. मोठ्या गाडीचं हाय, स्कूटरचं हाय."

"बाहुली करायची आहे. राक्षसाची."

असं गिऱ्हाईक रोज येत असल्यासारखी त्याने मान हलवली. "मंग मोठ्या गाडीचंच घ्या. काळ्यात हाय. राक्षस स्कूटरमंदी बसायचा न्हाई. केसाची गॅरंटी. पावसात बिलकुल झडणार न्हाई."

घरी मी वर्तमानपत्र पसरलं आणि माप काढायला माझा हात त्यावर ठेवला. बायको म्हणाली, "तुमचा न्हाई. तुमची बोटं पानं उलटून उलटून बारीक झालीत. माझं घ्या." तिने पदराखालून उजवा हात काढला, डाव्या हाताने एकेक बोट सरळ केलं आणि कागदावर दाबून धरलं. मी पेन्सिल फिरवली. अंगठ्यापाशी पेन्सिल जरा अडखळली, कारण अंगठा आत येत होता. तिने तो पुन्हा बाहेर ओढला. "काढा जल्दी," म्हणाली.

कापड मी कापलं. वरून, केसांच्या बाजूने, मोठ्या कात्रीने. काळ्या केसांचा ढीग पडला आणि कडेला टक्कल दिसायला लागलं.

"अहो, हे काय करून राह्यले? न्हावी हायेत का तुम्ही?"

"मग कसं कापायचं?"

"उलटं करा. मागून, ब्लेडनं. नुसतं कापड कापायचं, केसाला हात लावायचा न्हाई. केस मंग आपोआप सुटतात."

पस्तीस वर्षं पुस्तकांमध्ये काढून मला हे माहीत नव्हतं, आणि तिने ते कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. दुसरा तुकडा मी मागून ब्लेडने कापला. तो छान आला. मग दोन्ही तुकडे जोडले तेव्हा कळलं की पुढचे केस खाली उतरत होते आणि पाठीचे वर चढत होते.

"याला काय मागून वारं लागलंय?" तिने विचारलं. "उसवा."

ते आठ दिवस आमच्या घरात हाच शब्द सगळ्यात जास्त ऐकू आला. टाका मोठा झाला, यातून उंदीर जाईल, उसवा. शिलाईला जागा ठेवली नाही, उसवा. एकदा मी राक्षस बनियनसकट शिवला, कारण मी तो मांडीवर न ठेवता पोटावर ठेवून शिवत होतो. तेव्हा ती "उसवा" म्हणाली नाही. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

राक्षसाच्या तोंडाला आत कडक पुठ्ठा लागतो, नाहीतर जबडा लोंबतो. त्यासाठी मी एक लग्नपत्रिका घेतली. तिच्यावर प्रमुख उपस्थिती म्हणून एकवीस नावं होती, सगळी पदांसकट, त्यामुळे पत्रिका जाड आणि मजबूत होती. वधूवरांची नावं खालच्या जबड्यात गेली, पुढारी वरच्या. तोंडाला आतून लाल कापड पाहिजे होतं. बायकोने कपाटाकडे बोट दाखवलं.

"दीपस्तंभ आणा तो."

शाल आतून चिकटवली तर बरी दिसली. डोळ्यांना औषधाच्या बाटल्यांची पांढरी झाकणं आणि त्यांवर माझ्या जुन्या कोटाची बटणं. नाकाला बैलाच्या शिंगाचा लाल गोंडा. तो तिच्या भावाने पोळ्यानंतर धावड्याहून पाठवलेल्या पिशवीत, शेंगांच्या खाली निघाला होता. डोक्यात उशीतला कापूस भरला.

तयार झाल्यावर ती म्हणाली, "आणा इकडं. तोंड बराबर बसलं का बघू." तिने डाव्या हाताने उजवा हात धरला आणि राक्षसात घातला. आत बोटं कशी बसवायची तेही डाव्या हातानेच चाचपून केलं. मग आम्ही दोघं राक्षसाच्या तोंडाकडे पाहत बसलो. तोंड मिटलेलं होतं. बराच वेळ ते तसंच राहिलं.

"तोंड घट्ट झालंय," ती म्हणाली. "पुठ्ठा जाड घातला तुम्ही."

पुठ्ठा जाड नव्हता. मी हात घातला तेव्हा ते सहज उघडलं होतं. पण मी म्हणालो, "असेल."

दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा मागितला. मान तपासायची होती. दुपारी पुन्हा, डोळा सैल वाटत होता. ती दिवसाला शंभर वेळा व्यायाम करायला तयार नव्हती, पण माझ्या शिवणकामात शंभर चुका काढायला तिची काही हरकत नव्हती, आणि प्रत्येक चूक बघायला हात आत घालावा लागत होता. मी चहा करता करता, पेपर वाचता वाचता तिरप्या नजरेने राक्षसाकडे पाहायचो. जबडा हलत नव्हता. एकदा हलल्यासारखा वाटला, पण तेव्हा पंखा चालू होता.

एक अडचण होती. जबडा मी चपला चिकटवायच्या डिंकाने चिकटवला होता आणि राक्षसाला चांभाराच्या टपरीचा वास येत होता. बायको म्हणाली, "दोन दिवस बाहेर टांगा. वास जाईल." मी त्याच्या डोक्याला दोरी शिवली आणि गॅलरीच्या जाळीला टांगला.

"तोंड बाहेर करा. माझ्याकडं बघून राह्यलाय."

मी तोंड बाहेर केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरचे शेजारी आले. त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे आणि ते तेव्हा घरावर दुसरा मजला चढवत होते. आठच दिवसांपूर्वी स्लॅब टाकला होता. पंधरा वर्षांत ते बोलावल्याशिवाय आमचा जिना चढले नव्हते. बसले, पाणी घेतलं, कपाशीला बोंडं बरी लागली म्हणाले, पाऊस लांबला म्हणाले, वहिनींची तब्येत विचारली. मग ग्लासकडे पाहत म्हणाले, "सर, एक विचारू का? राग न्हाई ना येणार?"

"विचारा की."

"आमची नजर इतकी वाईट हाय का?"

मला काही कळेना. त्यांनी गॅलरीकडे मान केली. तिथे राक्षस दोरीला लटकत होता आणि वाऱ्याने हळूहळू त्यांच्या नव्या मजल्याकडे वळत होता.

आमच्याकडे घरावर काळी बाहुली किंवा राक्षसाचं तोंड टांगतात. बघणाऱ्याची नजर घराला लागू नये, म्हणून. बघणारा कोण, हे कोणी बोलत नाही, पण तोंड ज्याच्या घराकडे असतं त्याला ते बरोबर समजतं. मी आठ दिवस ही वस्तू शिवत होतो आणि असुरांच्या मुखवट्यांवर माझ्या वहीत अकरा पानं होती. तरी ती वस्तू जाळीला टांगताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सरळ "नातीची बाहुली आहे" म्हणालो असतो तर विषय तिथेच मिटला असता. पण मी या प्रथेचा उगम सांगायला लागलो. म्हणालो की ही समजूत फार जुनी आहे, जगात सगळीकडे आढळते, आणि मत्सर ही माणसाची मूळ भावना असल्यामुळे शेजाऱ्याविषयी माणसाच्या मनात भय असणं स्वाभाविक आहे.

"म्हणजे मला समजलं ते बराबरच हाय म्हणा," शेजारी म्हणाले आणि उठले.

"भाऊ, बसा." बायको आतून आली. तिने गॅलरीत जाऊन डाव्या हाताने राक्षस सोडवला आणि खुर्चीत बसून मांडीवर घेतला. पदराखालून उजवा हात काढला, आत घातला. शेजाऱ्यांनी तो हात आजारपणानंतर पहिल्यांदाच पाहिला असावा. मग राक्षस त्यांच्याकडे वळला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काय हो भाऊ, स्लॅब टाकून आठ दिवस झाले. पेढे कुठं हायेत?"

शेजारी राक्षसाकडे पाहत राहिले.

"सगळ्या गल्लीत वाटले म्हणं. हितं समोर मी तोंड उघडं टाकून बसलोय. नजर लागणार न्हाई तर काय?"

"वहिनी, दुकानात गर्दी होती हो. राह्यलं ते. कसम से, राह्यलं." ते पुन्हा बसले आणि हसायला लागले. "मंग हे काय, नातीसाठी करून राह्यले का सर?"

"त्यांनीच शिवलाय. म्हणून असा दिसतो," राक्षस म्हणाला.

ते दोघे हसत होते. मी हसत नव्हतो, कारण मी जबड्याकडे पाहत होतो. "पेढे" म्हणताना लाल शाल दिसली होती. "तोंड" म्हणताना पुन्हा दिसली. तिसऱ्यांदा वरचा जबडा इतका वर गेला की आत मी डिंक नीट न लावलेली जागा दिसली. तोंड मिटत होतं आणि पुन्हा उघडत होतं, आणि तिचा डावा हात त्या वेळी पदर सावरत होता.

शेजारी पेढे आणायला गेले. जिन्यावरचा त्यांचा आवाज बंद झाल्यावर बायको राक्षसाकडे न बघता म्हणाली, "पाहिलं का?"

"पाहिलं."

"मंग बोलले का न्हाई?"

"पाहुण्यासमोर काय बोलणार?"

"एरवी तर लई बोलता." तिने तोंड आणखी एकदा उघडलं, मिटलं. "चहा ठेवा. येतील ते आता."

त्यानंतर राक्षसाने कोणालाच सोडलं नाही. दूधवाल्याला दूध पातळ आहे म्हणाला. माझ्या भाजीला मीठ नाही म्हणाला. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर स्वतःच्या सत्काराचं वर्णन सुरू केलं तेव्हा फोनसमोर बसून राक्षसाने पाच मिनिटं जांभया दिल्या. दवाखान्यातल्या मुलीने बोटं किती उघडतात ते प्लास्टिकच्या मापाने मोजलं, खूश झाली आणि फाइलमध्ये लिहिलं, "व्यायाम नियमित." बायकोने ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

दिवाळीला नात आली. पिशवी उघडली, राक्षसाला मिठी मारली, आणि हात आत घातला. हात आत गेला, दंड आत गेला, पण बोटं जबड्यापर्यंत पोचेनात. राक्षस तिच्या खांद्यावर पिशवीसारखा बसला.

"आजी, हा मोठ्या माणसांचा आहे," ती म्हणाली.

बायकोने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. वर्तमानपत्रावर ठेवलेला हात तिचा होता, पेन्सिल मी फिरवली होती. ज्या हातासाठी राक्षस होता तो पुण्यात आहे, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"माप चुकलं," ती म्हणाली. "दुसरा करते."

ती "करते" म्हणाली, "करा" म्हणाली नाही. उरलेल्या कापडाचा तुकडा तिने उलटा केला, त्यावर नातीचा हात ठेवून खडूने रेघ मारली आणि ब्लेड उजव्या हातात घेतलं. ब्लेड दोनदा निसटलं. मी पुढे झालो तर म्हणाली, "तुम्ही वाचा काहीतरी." ब्लाउज एका दुपारात शिवणाऱ्या बाईला तो वीतभर राक्षस शिवायला पाच दिवस लागले. टाके मोठे आले होते. मी म्हणालो, "यातून उंदीर जाईल." तिने ते ऐकून घेतलं, पण उसवलं नाही. शेवटचा दोरा कापायला तिने कात्री मागितली. अंगठा कडीत बसवायला वेळ लागला. मग कात्री एकदा उघडली, मिटली, आणि दोरा तुटला. नात तोवर झोपली होती. मशीनवरची चादर बायकोने दुसऱ्या दिवशी काढली, कारण पाहुण्यांना पांघरुणं कमी पडत होती.

मोठा राक्षस इथेच राहिला. शेजाऱ्यांच्या नव्या मजल्याची वास्तुशांती झाली तेव्हा मंडप होता, ध्वनिक्षेपक होता, आणि मान्यवरांत मलाही बसवून शाल आणि नारळ दिला. बायकोने घरी शाल दोन बोटांत धरून पाहिली. "तोंडाच्या अस्तराला चालेल," म्हणाली. चार दिवसांनी शेजारी पुन्हा जिना चढून आले. बाजारातल्या बाहुल्या हलक्या निघतात, एका पावसात रंग जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्यावाल्याच्या केसाची गॅरंटी आहे असं वहिनी म्हणाल्या होत्या.

आम्ही तो त्यांना दिला. आता तो त्यांच्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टांगलेला असतो. खाली लिंबू आणि मिरच्या बांधतात आणि दर शनिवारी बदलतात. तोंड आमच्या गॅलरीकडे आहे.